भिजत घातलेलं बी

दरवर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारात गर्दी लोटते. ऊन ऐन भरात असतं, मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, तरी जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडचे आणि शेजारच्या हिंगोली-नांदेडचे शेतकरी सकाळपासून रांग धरतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हा स्थापना दिवस आणि खरीप मेळाव्याचाही दिवस. मांडवात भाषणं चालतात, चर्चासत्रं चालतात. रांग मात्र बियाण्यासाठी असते. सोयाबीनची किंवा तुरीची पिशवी हातात पडली की माणूस आधी वरचं लेबल वाचतो: वाण कोणता, उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कधीची.

लेबलावरचा मजकूर वाचायला चष्मा पुरतो. पिशवीच्या आत, प्रत्येक दाण्यात, दुसरा एक मजकूर असतो. तो वाचायला पेशी लागते, आणि ओल लागल्याशिवाय पेशी वाचायला बसत नाही. परभणीत बियाण्यावर काम सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. त्याच शंभर वर्षांत जगाच्या निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हा आतला मजकूर कसा वाचला जातो, आणि मुख्य म्हणजे वाचायला सुरुवात नेमकी कुठून होते, हे शोधून काढलं. दोन्ही कामं करणारी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. पण भेंडीसारख्या साध्या भाजीत या दोन इतिहासांची गाठ पडते.

परभणीतलं पहिलं मोठं प्रक्षेत्र १९१८ सालचं. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. काळी कसदार जमीन, गोदावरी-पूर्णा-दुधनेचं खोरं आणि रेल्वेची सोय, यामुळे कापूस हे इथलं मोठं पीक. मराठवाड्यातल्या देशी ‘गावरानी’ कापसाचं बाजारात नाव होतं, आणि सरकारी प्रक्षेत्रावर त्यातून चांगली झाडं निवडण्याचं काम चाले. परभणीतलं महबूब बागेचं कापूस संशोधन केंद्र आजही जुन्या नावानंच ओळखलं जातं. १९५६ मध्ये इथे कृषी महाविद्यालय आलं. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे राहुरी आणि अकोल्याला कृषी विद्यापीठं झाली आणि १८ मे १९७२ रोजी परभणीची पाळी आली. दापोलीचं विद्यापीठही त्याच दिवशीचं. विद्यापीठाचं पहिलंच वर्ष दुष्काळाचं निघालं. बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी पाहिला त्यांना त्याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. संशोधकांना मिळालेली जमीन तीच होती आणि पाऊसही तोच होता.

कापसाच्या बियाला मराठीत सरकी म्हणतात. पेशी प्रथिनं बनवायला कधी सुरुवात करते, या प्रश्नाचं एक फार मोलाचं उत्तर सरकीनंच दिलेलं आहे. १९६५ साली अमेरिकेत लिऑन ड्युअर आणि लॅरी वॉटर्स यांनी कापसाच्या बीजातले भ्रूण रुजायला ठेवले आणि त्यांना अ‍ॅक्टिनोमायसिन हे औषध दिलं. या औषधानं डीएनएवरून नवी नक्कल काढण्याचं काम थांबतं. नवी नक्कल नाही म्हणजे नवा हुकूम नाही. मग भ्रूण गप्प बसायला हवा होता. तो बसला नाही. त्यानं प्रथिनं बनवायला घेतली. याचा अर्थ एवढाच निघत होता की हुकूम आधीच लिहून ठेवलेले होते. बोंड झाडावर पक्व होत असताना, आईच्या अंगावर असतानाच, बीजानं पुढच्या पावसात लागणारे कागद तयार करून घडी घालून ठेवलेले असतात. पाणी आत शिरलं की ते उघडायचे आणि वाचायचे. गव्हासारख्या इतर धान्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की भिजल्यावर तासाभराच्या आत रायबोसोम कामाला लागलेले असतात.

रायबोसोम म्हणजे वाचणारा. पेशीच्या आत हे कण लाखोंनी असतात. डीएनएवरून निघालेली नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, रायबोसोम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचत जातो आणि वाचेल त्याप्रमाणे एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाची माळ ओवतो. लिपी चार अक्षरांची: ए, यू, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. असे एकूण ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाचे आणि तीन ‘इथे थांबा’ असं सांगणारे. हा शब्दकोश पुरा करणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत १९६८ चं नोबेल त्यांना मिळालं, ते याच कामासाठी.

शब्दकोश हाताशी आला तरी एक अडचण राहतेच, आणि ती मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरखान्यात काम केलेल्या माणसाला चटकन समजेल. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तहसिलांमधून मोडीचे आणि उर्दूचे कागद बाहेर निघाले, आणि ते वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. मोडीत आधी एक लांब रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठे संपला, पुढचा कुठे लागला, हे दाखवायला मध्ये जागा सोडलेली नसते. नव्या वाचकाची पहिली चूक तिथेच होते: शब्द चुकीच्या ठिकाणी तोडला जातो आणि पुढचं सगळं वाक्य बिघडतं. शेजारचा उर्दू कागद तर उजवीकडून डावीकडे जाणारा. वाचायचं कुठून आणि कुठल्या दिशेनं, हे ठरल्याशिवाय अक्षरओळखीचा उपयोग नाही.

जनुकांची लिपी अगदी मोडीसारखी आहे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. दिशा ठरलेली आहे, पण सुरुवात एक अक्षर इकडे किंवा तिकडे सरकली तर प्रत्येक शब्द बदलतो आणि भलतंच प्रथिन तयार होतं. बहुतेक वेळा मध्येच ‘थांबा’ येऊन अर्धवट तुटतं. जुन्या कागदाच्या माथ्यावर श्रीकार असतो, तसा इथेही एक खुणेचा शब्द आहे: एयूजी. त्याचं अमिनो आम्ल मेथिओनिन. सरकीत, भेंडीत, माणसात, जवळपास प्रत्येक प्रथिनाची ओवणी मेथिओनिनपासून सुरू होते.

मात्र एयूजी हा शब्द मजकुराच्या मध्येही येतो. मग पहिला कोणता आणि मधला कोणता? १९६४ मध्ये केंब्रिजला क्येल्ड मार्कर आणि फ्रेड सँगर यांना दिसलं की जिवाणूंमध्ये मेथिओनिनला रायबोसोमपर्यंत आणणारा एक खास वाहक असतो. त्यावरच्या मेथिओनिनला एक जादा रासायनिक शेंडी लावलेली असते. तो फक्त सुरुवातीला येतो. मधल्या मेथिओनिनसाठी दुसरा, साधा वाहक असतो. झाडांच्या आणि प्राण्यांच्या पेशीतही सुरुवातीचा वाहक वेगळाच असतो, फक्त ती शेंडी नसते. नंतर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात शाइन आणि डालगार्नो यांनी जिवाणूंची दुसरी खूण शोधली: खऱ्या एयूजीच्या थोडं आधी एक छोटी ओळ असते, रायबोसोम तिथेच येऊन टेकतो.

झाडाची रीत निराळी. मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये ती मांडली. रायबोसोम दोन तुकड्यांचा असतो, एक लहान आणि एक मोठा, आणि रिकामा असताना हे दोन तुकडे वेगळे असतात. लहान तुकडा पहिला मेथिओनिन सोबत घेऊन निघतो. संदेशाच्या सुरुवातीच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. ती धरणारं एक प्रथिन आधीच तिथे बसलेलं असतं, ते लहान तुकड्याला जागा दाखवतं. मग तो तुकडा टोकापासून पुढे सरकू लागतो, मोडी वाचणारा रेघेखाली बोट सरकवतो तसा. पहिला एयूजी लागला आणि त्याच्या आगेमागे योग्य अक्षरं असली की बोट थांबतं. सोबतची मदतनीस प्रथिनं सुटून जातात, मोठा तुकडा वरून येऊन बसतो आणि ओवणी सुरू होते. एकदा सुरू झाली की ती भराभर होते. वेळ आणि काळजी खर्च होते ती या सुरुवातीवर. पेशीला एखादं प्रथिन कमी करायचं असेल तर ती बहुधा इथेच हात आखडता घेते, कारण अर्धी ओवलेली माळ फेकण्यापेक्षा न ओवणं स्वस्त पडतं.

जिवाणूंमधल्या अशाच लहान तुकड्याची अणूअणूपर्यंतची रचना २००० साली ज्यांच्या गटानं उलगडली ते वेंकटरामन रामकृष्णन मूळचे तमिळनाडूतल्या चिदंबरमचे, पण वाढले गायकवाडांच्या बडोद्यात, आणि पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांच्यासोबत मिळालं.

आता भेंडीकडे.

भेंडीच्या शेतात एक रोग येतो. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी. मग सगळं पान पिवळं होतं आणि भेंडी निघते तीही पिवळसर, राठ, विकायला नालायक. शेतकरी याला केवडा म्हणतात, कुठे हळद्या. दिसायला सुंदर नावं आहेत. ज्याच्या शेतात हा रोग आला त्याला मात्र त्यात सुंदर काही दिसत नाही. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला: उगवणीनंतर ५० दिवसांनी रोग लागला तर उत्पादनातली घट ८४ टक्के, ६५ दिवसांनी लागला तरी ४९ टक्के.

या रोगाची पहिली लेखी नोंद महाराष्ट्रातलीच आहे. १९२४ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या केवड्यासारख्या रोगांवर लेख लिहिला, त्यात भेंडीही होती. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी हा विषाणूजन्य रोग असल्याचं मांडलं. १९५० च्या आसपास कपूर आणि वर्मा यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, हे याच काळातल्या कामातून पक्कं झालं. या मंडळींनी रोगाला नाव देताना इंग्रजी ‘ओक्रा’ न वापरता आपल्याकडचा शब्द वापरला. म्हणून जगभरच्या विषाणूशास्त्रात हा विषाणू आजही ‘भेंडी यलो व्हेन मोझॅक’ याच नावानं ओळखला जातो. कुठल्याशा परदेशी प्रयोगशाळेतल्या यादीत आपली भेंडी लिहिलेली असते, याचं श्रेय त्या जुन्या मंडळींना द्यायला हवं.

विषाणू म्हणजे काय, याचं सर्वांत सोपं उत्तर रायबोसोमच्या दाराशी मिळतं. विषाणूजवळ मजकूर असतो, वाचणारा नसतो. भेंडीच्या विषाणूचा मजकूर म्हणजे डीएनएचं एक कडं, सुमारे २,७०० अक्षरांचं. माशीनं सोंड पानाच्या नसेत घातली की तो आत जातो, पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि झाडाच्याच यंत्रणेकडून आपल्या नकला काढून घेतो. त्या नकला बाहेर येतात त्यांवर टोपी असते आणि पुढे एयूजी असतो. लहान तुकडा टोकावर चढतो, सरकतो, एयूजीवर थांबतो. रायबोसोमला घरचा कागद आणि परका कागद यांतला फरक कळत नाही. श्रीकार दिसला की तो वाचतो.

या २,७०० अक्षरांत विषाणूनं पाच-सहा प्रथिनं बसवली आहेत. जागा पुरावी म्हणून त्यानं काय केलंय पाहा: एका प्रथिनाच्या मजकुराच्या पोटात दुसऱ्या प्रथिनाचा मजकूर लपवलेला आहे. वेगळ्या एयूजीपासून, अक्षरांची वेगळी तिकडी धरून वाचलं की तीच ओळ दुसरंच काही सांगते. दप्तरखान्यात जी चूक ठरते, ती विषाणूनं कामाला लावली.

शेतकऱ्याच्या हाती तेव्हा यातलं काहीच नव्हतं. पन्नासच्या दशकात दिल्लीच्या पुसा संस्थेत बंगालमधली एक भेंडी आणि ‘पुसा मखमली’ यांच्या संकरातून ‘पुसा सावनी’ हा वाण तयार झाला. केवड्यातही तो तग धरायचा, आणि भेंडी सुरेख यायची. काही वर्षं तो देशभर पसरला. मग हळूहळू तोही पिवळा पडू लागला. लागवडीच्या भेंडीत शोधून शोधून खरी प्रतिकारशक्ती सापडेना, तेव्हा पैदासकारांची नजर तिच्या रानटी नातलगांकडे गेली.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी हे काम हाती घेतलं. त्यांच्या उपयोगी पडलेली रानटी जात म्हणजे अबेलमोस्कस मॅनिहॉट, ज्या जातीला आपल्याकडे रानभेंडी म्हणतात. तिला केवडा लागत नाही. पण तिची फळं लवदार, राठ, भाजीच्या कामाची नाहीत. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याही जुळत नाही, त्यामुळे त्यांची लेकरं बहुतांशी वांझ निघतात. हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात भेंडीचा संकर करायचा तर उद्या सकाळी उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखावी लागते. तिच्या पाकळ्या अलगद बाजूला सारून पुंकेसरांची नळी चिमट्यानं काढायची, कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी फूल कोमेजायच्या आत त्यावर दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. भेंडीचं फूल एका दिवसाचं असतं. अशा शेकडो कळ्यांमधून मूठभर बी हाती यायचं, आणि त्यातलंही बरंच पोचट.

जी थोडी झाडं जगली आणि फळली त्यांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर, त्यातून पुन्हा निवड. दर पिढीत दोन गोष्टी एकदम पाहायच्या: झाड हिरवं राहिलं पाहिजे आणि भेंडी कोवळी, लुसलुशीत उतरली पाहिजे. रोगाची परीक्षा घ्यायला वेगळी प्रयोगशाळा लागत नव्हती. शेतात केवडा येईल तेव्हा जो हिरवा राहील तो पास. १९८१ मध्ये जांभळे आणि नेरकर यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला: रानभेंडीतली ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकाच्या हाती आहे. पैदासकाराच्या दृष्टीनं ही फार मोठी बातमी. दहा-वीस जनुकांचं गाठोडं एका वाणातून दुसऱ्यात नेणं जवळपास अशक्य असतं. एक जनुक पिढ्यान्‌पिढ्या नजरेसमोर ठेवून नेता येतं.

१९८५ च्या सुमारास नवा वाण शेतकऱ्यांपर्यंत आला आणि १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नाव ठेवलं ‘परभणी क्रांती’. गर्द हिरवी, सडसडीत भेंडी, आणि आजूबाजूची शेतं पिवळी पडत असताना हिरवं उभं राहणारं झाड. परभणी हे नाव ज्यांनी नकाशावर कधी शोधलं नसेल अशा बिहार-बंगालच्या आणि देशाबाहेरच्याही शेतकऱ्यांच्या तोंडी या वाणामुळे आलं. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या एका जिल्ह्याचं नाव भाजीच्या वाणातून हिरवं होऊन फिरत राहिलं, हे परभणीकरांनी अभिमानानं सांगावं असंच आहे. त्याच वाटेनं पुढे बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेनं ‘अर्का अनामिका’ आणली, तीही रानटी नातलगाच्या जनुकावरच.

असं एखादं प्रतिकारक जनुक पेशीच्या आत नेमकं काय करतं? एक उत्तर मिरचीनं दिलं, आणि ते थेट वाचनाच्या पहिल्या पायरीशी जाऊन भिडतं. मिरचीत एका विषाणूला दाद न देणारं जनुक पैदासकार दशकानुदशकं वापरत होते. ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ते वेगळं काढलं तेव्हा कळलं की ते म्हणजे संदेशाची टोपी धरणारं, लहान तुकड्याला जागा दाखवणारं तेच प्रथिन. हा विषाणू आरएनएचा. त्याच्या संदेशाला टोपी नसते, त्याऐवजी टोकाला स्वतःचं एक प्रथिन चिकटवलेलं असतं, आणि ते टोपीच्या जागी पुढे करून तो आत शिरतो. प्रतिकारक मिरचीत टोपी धरणाऱ्या प्रथिनाची थोडीशी अमिनो आम्लं बदललेली असतात. झाडाचं घरचं काम अडत नाही, परक्याचं सोंग मात्र त्याच्या पकडीत बसत नाही. कागद हातात आहे, पण वाचायला सुरुवातच होत नाही. भेंडीचा विषाणू डीएनएचा, त्याची चाल वेगळी. तरी शेतात उभं राहून पिवळं आणि हिरवं एवढंच पाहणारे पैदासकार कुठल्या खोलीवरच्या फरकाची निवड करत असतात, हे मिरचीवरून ध्यानात येतं.

परभणी क्रांतीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. एका जनुकाची बाजू म्हणजे एका खांबावरचं छत. पुढच्या दोन दशकांत अनेक भागांत हा वाण केवड्याला बळी पडू लागला. विषाणू बदलतो, पांढरी माशी वाढते, आणि उष्ण हवा तिला मानवते. २००३ मध्ये मदुराईच्या कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी दाखवलं की भेंडीचा हा विषाणू एकटा येत नाही. त्याच्या जोडीला सुमारे १,३५० अक्षरांचं आणखी एक छोटं कडं असतं, आणि दोन्ही मिळूनच खरा केवडा होतो. त्या छोट्या कड्यात एकच महत्त्वाचं प्रथिन लिहिलेलं असतं, सव्वाशेच्या आतल्या अमिनो आम्लांचं. झाडाकडे परके संदेश ओळखून ते रायबोसोमपर्यंत पोचायच्या आधीच फाडून टाकणारी एक यंत्रणा असते. हे प्रथिन तिचे हात बांधतं. मदुराईच्या गटाला पुढे आढळलं की मोठ्या कड्यातलं, दुसऱ्या मजकुराच्या पोटात लपवलेलं ते प्रथिनही हेच काम करतं.

भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, म्हणून जाता जाता कापसाचंही. २६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि परभणी-मानवत-सेलूच्या काळ्या रानात काही वर्षांत तोच तो दिसू लागला. यातलं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं, बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारं. सुरुवातीला संशोधकांनी जिवाणूचा मजकूर आहे तसा झाडात घातला तेव्हा झाडानं तो धड वाचला नाही. प्रथिन अगदी नगण्य बनायचं. जिवाणूच्या लेखनाची धाटणी वेगळी, शब्दांच्या आवडीनिवडी वेगळ्या. १९९१ मध्ये अमेरिकेत पर्लाक आणि सहकाऱ्यांनी अर्थ तोच ठेवून शब्द बदलले, म्हणजे त्याच अमिनो आम्लांसाठी झाडाच्या वळणाचे शब्द निवडले, आणि प्रथिन कितीतरी पटींनी वाढलं. मजकुराच्या आधी नक्कल काढायला लावणारा भाग घेतला तो फुलकोबीच्या एका विषाणूचा, कारण झाडाकडून काम करून घेण्यात त्या विषाणूचा हातखंडा. परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं ऐंशीच्या दशकात दिलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित कापूस या लाटेत मागे पडला; पुढे महाबीजच्या साथीनं त्याचाही बीटी अवतार आणला गेला. तोवर गुलाबी बोंडअळीनंही या प्रथिनाला पचवायला सुरुवात केली होती.

पावसाचा अंदाज घेऊन भेंडी लावायची ठरली की आदल्या रात्री बी भिजत घालतात. भेंडीचं कवच टणक असतं, पाणी हळूहळू शिरतं. वाटीभर पाण्यात राखाडी-हिरवट दाणे तळाशी जाऊन बसतात, पोचट वर तरंगतात, ते काढून टाकायचे. घरातली माणसं झोपलेली असतात तेव्हा दाण्यांच्या आत महिन्यांपूर्वी आईच्या झाडावर लिहून ठेवलेले कागद उघडत असतात. सुटे पडलेले लहान तुकडे मेथिओनिन घेऊन टोप्यांवर चढतात, एयूजीपाशी थांबतात, मोठे तुकडे येऊन मिळतात. सकाळी पाणी काढून बी सावलीत फडक्यावर पसरलं की बोटांना ते फुगलेलं लागतं.

मग सरी पाडून टोकायचं. आठवड्याच्या आत दोन दलं जमिनीवर येतात, त्यांच्यामागून पहिलं खरं पान. तेव्हापासून शेतकरी बांधावरून नुसता पाहत नाही, वाकून एकेक पान उलटून बघतो. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते.